मुद्दाम केलेली चूक

फळ्यावर गणित लिहिताना मी कधी कधी मुद्दाम एक चूक करते. लगेच "बाई, चुकलं!" असा ओरडा झाला, की समजायचं वर्गाचं लक्ष आहे. पण सगळ्यांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं तर? संगणकाच्या दुनियेतही अगदी हीच युक्ती वापरतात. तिचं नाव म्युटेशन टेस्टिंग.

समजा, निकाल लावणारा एक प्रोग्रॅम आहे. नियम साधा : १०० पैकी ३५ किंवा जास्त गुण मिळाले की पास. प्रोग्रॅम नीट चालतो का, हे बघायला छोट्या चाचण्या लिहून ठेवतात. २० गुण दिले, 'नापास' आलं. ६० दिले, 'पास' आलं. झालं, सगळं ठीक! पण कशावरून? चाचणीची परीक्षा कोण घेणार?

त्यासाठी प्रोग्रॅमची एक नक्कल घेऊन तिच्यात एकच बारीक बदल करायचा. '३५ किंवा जास्त' काढून तिथे '३५ पेक्षा जास्त' लिहायचं. ही बिघडवलेली नक्कल म्हणजे म्युटंट. आता त्याच चाचण्या पुन्हा चालवा. २० ला नापास, ६० ला पास. चूक कुणालाच सापडली नाही! म्युटंट जिवंत राहिला. म्हणजे उद्या खरंच अशी चूक झाली, तर बरोबर ३५ गुण मिळवणारं पोर नापास होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. मग ३५ गुणांची एक चाचणी वाढवायची, की म्युटंट 'मेला'!

ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ साली मांडली, तीही विद्यार्थी असताना.

जावासारख्या भाषांत प्रोग्रॅम 'क्लास'मध्ये विभागलेला असतो. (शिकवणीचा क्लास नव्हे हं!) एका क्लासवरून दुसरा बेतता येतो, जशी आई आणि लेक. आईचे नियम लेकीला आपोआप मिळतात. हवा तर लेक आपला वेगळा नियम ठेवते. 'विषय' ही आई, तिचा नियम ३५ चा. 'प्रात्यक्षिक' ही लेक. तिथे गुणच २०, म्हणून तिचा नियम ७ चा. आता म्युटंट करताना लेकीचा नियमच खोडून टाका. प्रोग्रॅम बंद पडत नाही की कुरकुरत नाही. तो गुपचूप आईचा नियम लावतो! २० पैकी ३५ कुठून आणणार? तरीही चाचणी '५ गुण, नापास' एवढीच असेल, तर तिला काहीच खटकत नाही.

हे सगळं हाताने करत बसावं लागत नाही. जावासाठी 'पिट' नावाचं साधन आहे, ते आपणच म्युटंट बनवतं. पण म्युटंट शेकडो, आणि प्रत्येकासाठी चाचण्या पुन्हा चालवायच्या! वेळ फार जातो. म्हणून गूगलमध्ये नव्याने बदललेल्या ओळींचेच थोडे म्युटंट करतात, असं तिथल्या इंजिनिअरांनी २०१८ मध्ये सांगितलं.

काही म्युटंट मात्र मरतच नाहीत. '३५ किंवा जास्त' ऐवजी '३४ पेक्षा जास्त' लिहून बघा. अर्धे गुण नसतील, तर फरक शून्य! असा लबाड ओळखायला बऱ्याचदा माणसालाच डोकं खाजवावं लागतं.

आता वही घ्या. समजा, एका बसचा नियम आहे : ५ वर्षं पूर्ण झाली पण १२ झाली नाहीत, तर अर्धं तिकीट. हा नियम तपासायला तुम्ही कोणती चार वयं निवडाल?