अंगठ्याच्या नखाएवढी नजर

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दुपारच्या उन्हातून एकदम शिरलात, तर पद्मपाणी दिसत नाही. समोर नुसता काळोख असतो. माहीतगार माणूस म्हणतो, जरा थांबा. हळूहळू खांब दिसू लागतात, मग भिंती, आणि काही मिनिटांनी तो किंचित झुकलेला चेहरा आणि हातातलं निळं कमळ. ही लेणी सोयगाव तालुक्यातली. तिथून जवळच संभाजीनगर-जळगाव रस्ता अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला येतो. लेण्यातल्या पाहुण्याला डोळे सरावायला सवड मिळते. रात्री घाटात समोरून अप्परवर आलेली गाडी ओलांडून पुन्हा अंधारात शिरणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला ती मिळत नाही. डोळे मात्र दोघांचे सारखेच.

आणि हे डोळे आपण समजतो त्याहून फार वेगळे आहेत. हात समोर पूर्ण लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. तुम्हाला खरोखर बारकाईनं दिसतं ते जवळपास तेवढंच. दृष्टिपटलाच्या मधोमध एक चिमुकला खळगा आहे, सगळी धार तिथे. त्या नखाएवढ्या जागेच्या बाहेरचं सगळं जग डोळा अंधूकच टिपतो. तरीही समोरची अख्खी काच स्वच्छ दिसते, कारण डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारून नवनव्या जागी टेकतात आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक सलग रस्ता उभा करतो. आपण ज्याला पाहणं म्हणतो, त्यात पाहिलेलं थोडं आणि मेंदूनं जुळवलेलं पुष्कळ.

याहून नवल पुढे आहे. आरशासमोर उभे राहा. आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतील. एर्डमान आणि डॉज या संशोधकांनी हे 1898 साली नोंदवून ठेवलं. डोळ्याची उडी चालू असते तेवढा वेळ मेंदू चित्र जवळजवळ दाबूनच टाकतो, नाहीतर जग सतत फरफटल्यासारखं दिसलं असतं. फर्दापूरच्या तिठ्यावर मान डावीकडून उजवीकडे झर्रकन फिरवली, की ड्रायव्हरला वाटतं सगळा रस्ता बघितला. प्रत्यक्षात नजर दोन-तीन जागीच टेकलेली असते. मधल्या पट्ट्यातला मोटरसायकलवाला तिच्या उडीखाली गेलेला असू शकतो, आणि त्याच्या जागी मेंदूनं रिकामा रस्ता भरलेला असतो. म्हणून तिठ्यावर नजर फिरवणं पुरत नाही. ती दोन्ही बाजूंना जागोजागी टेकवावी लागते, आणि डाव्या-उजव्या दोन्हीकडे पुन्हा एकदा.

बरं, एकाच जागी टक लावली तर? तेही घातक. स्वित्झर्लंडमधल्या ट्रॉक्सलर नावाच्या वैद्यानं 1804 मध्ये दाखवलं, की एका बिंदूवर नजर खिळवली तर कडेच्या फिकट, न हलणाऱ्या गोष्टी काही सेकंदांत विरून जातात. वस्तू जागच्या जागी असतात, जाणीव तेवढी पुसली जाते. रात्री पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे एकटक बघत चालणाऱ्या थकलेल्या ड्रायव्हरचं नेमकं हे होतं. नजर फिरती ठेव, असं जुने वस्ताद नव्या पोराला सांगतात, त्यामागे शरीराचं हे शास्त्र आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मूरांट आणि रॉकवेल यांनी 1972 साली नवशिक्यांची आणि मुरलेल्या चालकांची नजर मोजली. नवशिके गाडीच्या नाकाजवळच जास्त बघत होते आणि आरशांकडे कमी. मुरलेले लांबवर बघत. ताशी 60 किलोमीटरच्या वेगानं ट्रक 15 सेकंदांत 250 मीटर जातो. सरळ रस्त्यावर नजरेचा मुक्काम तिथे असावा, म्हणजे आपण 15 सेकंदांनंतर जिथे पोचणार तिथे. तिथून ती जवळ यावी, डाव्या आरशात, उजव्या आरशात, काट्यांवर, आणि पुन्हा लांब. आरशांची फेरी दर पाच-आठ सेकंदांनी. घाटात 250 मीटर दिसतच नाहीत. तिथे खालच्या वळणाचा उघडा तुकडा झाडीतून दिसतो तेव्हाच हेरून ठेवायचा, कोण चढतंय ते लक्षात ठेवायचं, आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. हा शेवटचा नियम तर कायद्यातच आहे.

आपल्या भागात आरशांची एक खास अडचण आहे. कापसाच्या हंगामात गाडी अशी भरतात, की दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि आरसा मागचा रस्ता दाखवायच्या ऐवजी कापूसच दाखवतो. डाव्या दाराखालचा भाग आणि समोरच्या काचेखाली नाकापुढचे काही फूट तर रिकाम्या ट्रकमधूनही दिसत नाहीत. शिवाय बहिर्गोल आरशात मागची गाडी लहान दिसते, म्हणून लांब वाटते.

आता एक गोष्ट, जी कळल्यापासून मला रस्त्यावरचा प्रत्येक चौक वेगळा दिसतो. दोन वाहनं सरळ रेषेत, एकसारख्या वेगानं एकमेकांवर आदळण्याच्या मार्गावर असतील, तर दुसरं वाहन काचेवर जागचं हलत नाही. जे आपल्याला चुकवून जाणार ते पुढे किंवा मागे सरकतं, आणि सरकणारी वस्तू डोळ्याच्या कडेलाही चटकन कळते. जे धडकणार ते मात्र एकाच ठिकाणी स्थिर राहून फक्त मोठं होत जातं. खलाशांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ट्रकच्या काचेच्या कडेचा खांब जाड असतो. आडव्या रस्त्यानं येणारी मोटरसायकल त्याच्या आड सापडली, तर शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्याच आड राहू शकते. उपाय साधा आहे. सीटवर जरा पुढे झुकायचं, मागे व्हायचं, खांबाच्या दोन्ही बाजूंनी डोकावायचं.

मोठं होत जाण्याचाही हिशेब ऐका. रात्र आहे, ट्रक ताशी 60 नं चालला आहे आणि पुढे दिवे नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी आहे. 200 मीटरवरून 100 वर येताना ती डोळ्यांत दुप्पट होते, त्याला 6 सेकंद लागतात. पुढची दुप्पट 3 सेकंदांत, त्यापुढची दीड सेकंदात. आधी काही घडतच नाही असं वाटतं आणि मग ती अचानक अंगावर येते. त्यात डिपरच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली जेमतेम 40-50 मीटरवर कळते. मेंदूला ती उमजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथेच संपले. भरलेला ट्रक उरलेल्या जागेत थांबणं कठीणच. रात्री वेग उजेडाच्या मापात ठेवायचा, दुसरा मार्ग नाही.

लेण्यातला काळोख इथे पुन्हा आठवावा. अंधारात काम करणाऱ्या पेशी, एका डोळ्यात सुमारे 12 कोटी, पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं घेतात. समोरच्या प्रखर दिव्यानं हा सराव बराचसा उतरतो. म्हणून त्या दिव्याकडे न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची आणि वेग आधीच उतरवायचा. वय वाढतं तसा डोळा सावरायला जास्त वेळ घेतो. संध्याकाळी फर्दापूरहून सोयगावकडे, म्हणजे पश्चिमेला निघालात, तर मावळतं ऊन समोरच्या दिव्यासारखंच दिवसाउजेडी डोळे दिपवतं. काचेवरची धूळ ते आणखी पसरवते.

इतकं सगळं ज्या डोळ्यांवर उभं आहे, ते डोळे ड्रायव्हर लोक क्वचित तपासून घेतात. साइटसेव्हर्स इंडियाचा ‘राही’ हा ट्रकचालकांसाठीचा नेत्रतपासणीचा उपक्रम 2017 पासून चालू आहे. आपल्या गाडीवरच्या माणसाची तपासणी वर्षातून एकदा झाली का, हे मालकानं विचारलंच पाहिजे. चष्मा टायरपेक्षा खूप स्वस्त पडतो.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हालाही एक विनंती. कापूस आणि मका घरी यायला लागण्याआधी ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागच्या फळीला, अगदी दोन्ही टोकांना, लाल चमकपट्टी लावा. मोटरसायकलवर असाल तर ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा शोधा. तो तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही; तिथून लगेच मागे व्हा.