मंत्रचळ : मुलांच्या शंकेला किती वेळा उत्तर द्यायचे?

नीटच्या तयारीसाठी नांदेड, परभणी, हिंगोलीकडची मुले लातूरला खोल्या करून राहतात. एका नळावर दहा-बारा जण. या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा ठिकाणी एखादा मुलगा तासभर हात धुवायला लागला की चार दिवसांत सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो आणि पाणी नासतो म्हणून बोलणी खातो. पण खोलीचे कुलूप सात-सात वेळा ओढून पाहणारी मुलगी कुणाच्या लक्षात येत नाही. उत्तरपत्रिकेतला गोल बरोबर भरला का, हे पुन्हा पुन्हा तपासणारा मुलगाही दिसत नाही. १८० प्रश्नांना १८० मिनिटे असलेल्या परीक्षेत ही तपासणीच गुण खाते. घरचे मात्र म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही.

या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, जीव घाबरतो. ती भीती घालवायला माणूस एखादी कृती करतो : धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात काही म्हणणे. घडीभर बरे वाटते आणि विचार परत येतो. २०१५-१६ मध्ये निमहान्सने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये हजारी सुमारे ८ जणांना हा आजार आढळला. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे काही वेगळे असेल असे मानायला कारण नाही. बहुतेकांना सुरुवात पंचविशीच्या आतच होते.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा विटाळ सोसलेल्या घरात मुलगा दाराच्या कडीला हात लावेनासा झाला की बाप संतापतो, "आमच्या घरात हे सोवळे कुठून आले?" ते सोवळे नव्हे. सोवळे पाळणाऱ्याला त्यात मोठेपणा वाटतो. या मुलाला लाज वाटते. हात स्वच्छ आहेत हे त्याला कळते, तरी थांबता येत नाही.

सगळ्यात जास्त लपवले जाते ते विचारांचे रूप. वंदनेला बसले की नेमकी मूर्तीविषयी घाण कल्पना येते. लहान भावाला आपल्या हातून इजा होईल असे वाटते. अशी मुले विहारात यायची बंद होतात, स्वतःला पापी समजतात; कुणी त्यांना 'बाहेरचे' बघणाऱ्याकडे नेते. मूळचे श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डिसिल्वा आणि त्यांचे सहकारी रॅकमन यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले की असे विचित्र विचार निरोगी माणसांपैकीही बहुतेकांच्या मनात येतात. फरक एवढाच की त्यांच्या मनातून ते निघून जातात. मंत्रचळ असलेला त्यांच्याशी झगडत बसतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सम्मज्जन नावाच्या थेरांची गोष्ट आहे. ते दिवसभर विहार झाडत असत. रेवत थेरांनी त्यांना झाडू टाकायला सांगितले नाही. सकाळी झाडा, संध्याकाळी झाडा, मधल्या वेळेत ध्यानाला बसा, एवढेच सांगितले. पुढे विहारात पाचोळा साचला तेव्हा इतर भिक्खूंनी विचारणा केली, पण ते स्थिर राहिले. त्यांना आजार होता असे म्हणणे घाईचे होईल. पण पाचोळा दिसत असताना बसून राहणे, आजच्या उपचाराचा गाभा नेमका हाच आहे. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल वाढते, आणि काही वेळाने आपोआप उतरते. सोप्या भीतीपासून सुरुवात करून, प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे करतात.

घरचे लोक मात्र मायेपोटी उलटे करतात. "आई, कुलूप लागलंय ना?" असा फोन दिवसात वीसदा येतो आणि आई वीसदा "हो रे बाळा" म्हणते. प्रत्येक 'हो' म्हणजे आजाराला एक घास. एकदम तोडूनही चालत नाही. डॉक्टरांशी बोलून, मुलाला आधी सांगून, वीसची दहा, दहाची चार अशी उत्तरे कमी करावी लागतात. "तुला भीती वाटतेय हे कळतंय" एवढे म्हणावे, खात्री देऊ नये.

औषधेही आहेत, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी. त्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "गुण नाही" म्हणून गोळ्या सोडणारेच जास्त. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल तर त्याच दिवशी फोन करा आणि त्याला एकटे सोडू नका.

डॉक्टरांपुढे तोंड उघडत नसेल तर मुलाने विचार कागदावर लिहून न्यावेत, रोज किती वेळ जातो तेही लिहावे. ते वाचून डॉक्टर दचकणार नाहीत, त्यांनी असे कागद आधी पुष्कळ पाहिलेले असतात.