वस्त्राचा कायदा व पोटाचा कायदा

स्त्रीनें कोणतें वस्त्र नेसावें हें ठरविण्यास राज्यकर्ते जितके तत्पर असतात, तितके तिनें पोट कसें भरावें हें पाहण्यास क्वचितच असतात. स्पेन देशाचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

सन १५६७ त राजा दुसरा फिलिप याच्या हुकुमानें ग्रानादा प्रांतांतील मोरिस्को लोकांच्या, म्हणजे सक्तीनें ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या व त्यांच्या वंशजांच्या, जुन्या पोशाखावर बंदी आली. स्त्रियांनीं तोंड उघडें ठेवावें असेंही फर्मान निघालें. फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्को गृहस्थानें त्याविरुद्ध अर्ज केला. त्याची कोटी निष्णात वकिलास शोभेल अशी होती. पोशाख हा धर्म नव्हे, देशाचार होय. प्रांतोप्रांतींच्या ख्रिस्ती लोकांचाही तो निराळा असतो. ज्या गरीब बाईपाशीं नवें वस्त्र घेण्यास पैका नाहीं तिनें काय करावें? आणि या कापडावर पोट भरणारे व्यापारी, शिंपी व सोनार यांची वाट काय? अर्ज फेटाळला गेला; या व इतर जाचांमुळें १५६८ च्या अखेरीस बंड पेटलें.

पुढें १५९० त याच राजानें एकंदर सर्व स्त्रियांस चेहरा झांकून हिंडण्याची मनाई केली व तीन हजार माराव्हेदी दंड ठरविला. सेव्हिल, माद्रिद येथील स्त्रिया ओढणीआडून एकच डोळा उघडा ठेवून फिरत. ही मनाई १५९४, १६०० व १६३९ सालीं पुन्हां काढावी लागली. जो कायदा चार वेळां काढावा लागतो, तो किती पाळला गेला हें सांगणें नलगे!

आतां पोटाची गोष्ट पाहूं. १५०५ च्या तोरो येथील कायद्यान्वयें पतीच्या संमतीवांचून पत्नीस करार करतां येत नसे. घरीं राहून सूत काततें तीच आदर्श गृहिणी, असा उपदेश लुइस दे लेओन या धर्मपंडितानें १५८३ त केला. प्रत्यक्षांत मात्र बायका बाजारांत माल विकीत, रेशीम कातीत. तथापि अनेक धंद्यांची दारें कारागिरांच्या संघांनीं त्यांस बंद ठेविलीं होतीं. संघांचे नियम बाजूस सारून, शक्तीस व मर्यादेस साजेल तो धंदा स्त्रियांस करूं द्यावा, असा सर्वसामान्य हुकूम तिसऱ्या चार्ल्सनें काढला तो १७८४ त!

चेहऱ्याचा कायदा १५९० त झाला, कामाचा त्यानंतर १९४ वर्षांनीं. एकानें दंडापलीकडे कांहीं दिलें नाहीं. दुसऱ्यानें रोजगाराचें दार उघडलें. स्त्रियांचें हित चिंतणाऱ्या प्रत्येकानें यांपैकीं आपण कोणत्या कायद्यामागें लागतों, हें आपल्या मनास विचारावें.