जुन्या बुलेटचे वायरिंग : आधी तपासा, मग पार्ट बदला

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ओळखीच्या एका गॅरेजवर आम्ही बसलो होतो. एक गृहस्थ जुनी बुलेट ढकलत घेऊन आले. गाडी नुकतीच रंगवून चकाचक केलेली होती. पण दिवसा बरी चालणारी गाडी रात्री हेडलाईट लावला की अडखळायची आणि नवी बॅटरीही आठवडाभरात उतरायची. तीन ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने कॉइल, तिसऱ्याने रेक्टिफायर. दोष मात्र जागच्या जागीच!

गॅरेजच्या उस्तादांनी एकही पार्ट मागवला नाही. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि हेडलाईट चालू केला. मीटरने दीड व्होल्टच्या वर आकडा दाखवला. तेथे तो जवळजवळ शून्य असायला हवा. रंगकाम करणाऱ्याने अर्थची वायर फ्रेमवरच्या ताज्या रंगावरच कसली होती. बोल्ट काढला, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, वायरचे टोक साफ करून पुन्हा आवळले. काम संपले! गिऱ्हाइकाचे हजारो रुपये मात्र आधीच गेले होते.

आपल्यातील कितीतरी तरुण या धंद्यात आहेत, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

जुन्या गाड्यांना मागणी का?

एनफिल्ड इंडिया ही कंपनी १९५५ साली मद्रासमध्ये सुरू झाली आणि तिची बुलेट आजही रस्त्यावर आहे. म्हैसूरच्या कारखान्यातील येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. पुढे जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले. तरीही जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त करून घेणारे लोक आहेत, आणि सीबी पॉइंटची गाडी समजणारे कारीगर कमी होत चालले आहेत. ज्याच्या हाती हे काम आहे, त्याला ते मिळत राहील. अट एकच, दोष अंदाजाने नव्हे, तपासून शोधता आला पाहिजे. येथे आम्ही सीबी पॉइंट असलेल्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटविषयी लिहीत आहोत.

पहिली पायरी : बॅटरी

गाडी बंद असताना पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आली की ती उतरली असे समजावे. ६ व्होल्टच्या जुन्या गाडीत हा आकडा ६.३ च्या आसपास असतो. इंजिन चालू करून रेस वाढवल्यावर १२ व्होल्टच्या गाडीत आकडा १४ च्या जवळ चढला पाहिजे. चढला नाही तर दोष चार्जिंगकडे आहे, आणि मग नवी बॅटरी घालून उपयोग नाही. बॅटरीतील पाणी कमी झाले असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड नव्हे. बॅटरी जोडण्यापूर्वी कोणते टोक अर्थला जाते ते पाहावे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक अर्थला असते.

दुसरी पायरी : अर्थ आणि सांधे

दोष बहुतेक वेळा पार्टमध्ये नसून सांध्यात असतो, हे उस्तादांचे म्हणणे हिशेबाने पटते. ३५ वॅटचा हेडलाईट १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर करंट घेतो. तोच ६ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर घेतो. एखाद्या गंजलेल्या सांध्यात केवळ दशांश ओहमचा अडथळा असला, तर १२ व्होल्टच्या गाडीत ०.३ व्होल्ट वाया जातो. ६ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट जातो, म्हणजे दहावा हिस्सा! बल्बचा उजेड तर त्याहून कितीतरी जास्त कमी होतो. म्हणूनच ६ व्होल्टच्या गाडीचा लाईट मंद पडला की आधी सांधे घासावेत.

वायरी जिथे हँडलबरोबर वळतात, तिथे त्या आतून तुटतात किंवा घासून उघड्या पडतात. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. इंजिन अडखळले तर दोष तिथेच.

तिसरी पायरी : अँपमीटरचा काटा

बुलेटच्या हेडलाईटवरील अँपमीटर शोभेसाठी नाही. चावी चालू करून किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा थोडा मायनसकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. जुने चालवणारे याच खुणेवर डिकॉम्प्रेसर दाबून किक मारतात. काटा मुळीच हलत नसेल तर कॉइलपर्यंत करंट जात नाही किंवा पॉइंट मिटत नाहीत. काटा एकदम टोकाला गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे. चावी ताबडतोब बंद करावी.

चौथी पायरी : एक छोटा बल्ब

इंडिकेटर लाईटचा छोटा बल्ब आणि दोन वायरी एवढेच सामान लागते. एक वायर कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला आणि दुसरी अर्थला लावा. चावी चालू करून किक हळू दाबा. पॉइंट उघडले की बल्ब लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. कायम लागलेला राहिला तर पॉइंट काळे पडले आहेत किंवा मिटत नाहीत. ते साफ करून फीलर गेजने गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावा. बल्ब कधीच लागला नाही तर करंट तिथपर्यंत पोहोचत नाही, किंवा पॉइंटची वायर अथवा कंडेन्सर शॉर्ट आहे.

पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील आणि ते वारंवार जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. गाडी वीस मिनिटे चालून बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. तपासणी गाडी गरम असतानाच करावी. थंड गाडीत हा दोष सापडत नाही.

फ्यूजशी खेळ नको

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून बसवणारे अजूनही दिसतात. फ्यूज उडतो तो काहीतरी बिघडले आहे हे सांगण्यासाठी. त्याचे तोंड बंद केले तर पुढच्या वेळी वायरिंग जळते, आणि त्याच्या वरच पेट्रोलची टाकी असते.

हिशेब कसा करावा?

सुटा पार्ट विकून जो नफा मिळतो, तो एकदाच मिळतो. दोष शोधण्याची मजुरी मागायला आपले कारीगर लाजतात, म्हणून पार्टच्या किमतीत ती वसूल करतात आणि नको तो पार्ट बसवतात. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला आधीच सांगावे की तपासणीची मजुरी एवढी, पार्ट लागला तर त्याचे वेगळे. काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात द्यावा. मीटर आणि टेस्ट बल्ब मिळून जो खर्च येतो, तो एका चुकीच्या कॉइलच्या किमतीत निघून जातो.

त्या दिवशी उस्तादांनी फक्त तासाभराची मजुरी घेतली. आठवड्याने ते गृहस्थ परत आले ते तक्रार घेऊन नव्हे, तर आपल्या मित्राची जुनी येझदी घेऊन. गॅरेजला याहून चांगली जाहिरात कोणती?