सांगोल्याचे आबासाहेब : अकरा विजयांचा हिशेब

1962 साली महाराष्ट्र राज्य अवघे दोन वर्षांचे होते. राज्यात काँग्रेसचा वरचष्मा असताना सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) एका तरुण वकिलाला विधानसभेत पाठवले. 2014 साली, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर, तेच गृहस्थ त्याच पक्षाकडून, त्याच मतदारसंघातून अकराव्यांदा निवडून आले. ते म्हणजे भाई गणपतराव देशमुख. तालुका त्यांना आबासाहेब म्हणे.

त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. कर्मभूमी मात्र सांगोला. अकरा विजयांची वाट सरळ नव्हती. 1972 मध्ये ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. 1995 मध्ये शहाजीबापू पाटील यांनी त्यांना केवळ 192 मतांनी हरवले. 1999 मध्ये सांगोल्याने त्यांना परत बोलावले. या दोन पराभवांमुळेच अकरा विजयांचे मोल वाढते. सांगोल्याचा मतदार डोळे मिटून शिक्का मारणारा नव्हता.

प्रदीर्घ कारकिर्दी जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराचे महापौर जो रायली 1975 ते 2016 अशी चाळीस वर्षे पदावर होते. पण तिथल्या महापौराच्या हाती शहराचा कारभार आणि तिजोरी असते. गणपतराव 1978 मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. सत्ता हाती नसताना माणसे पाच दशके का पाठीशी राहतात?

उत्तर पाण्यात आहे. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी बहुतेक वर्षे कोरडी, खरीप बेभरवशाचा, दुष्काळात माणसांना रोजगार हमीची कामे आणि जनावरांना चारा छावण्या. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून माणदेशात आणणाऱ्या टेंभूसारख्या योजनांसाठी ते सभागृहात आणि सभागृहाबाहेर भांडत राहिले. ठिबकावर डाळिंब पिकवून सांगोल्याच्या शेतकऱ्याने थेंबाथेंबाची किंमत जगाला दाखवली. तेल्या रोगाने बागा उठवल्या, तेव्हाही तो शेतीत टिकून राहिला.

दुसरे उत्तर सहकारात. सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीने दुष्काळी तालुक्यात शेतीपलीकडचा रोजगार उभा केला. नेत्याची पत भाषणावर ठरत नाही. त्याच्या संस्थेत पगार वेळेवर होतो का, यावर ठरते. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख त्यांच्या साधेपणातून आली.

2019 मध्ये ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले. 2024 मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शेकापची ही जागा परत जिंकली.

पक्ष बदलणे ही आज निवडणुकीआधीची तयारी झाली आहे. गणपतरावांनी ओहोटीला लागलेला लहान पक्ष सोडला नाही, आणि म्हणून त्यांच्या मतदारांना दर निवडणुकीत त्यांची ओळख नव्याने करून घ्यावी लागली नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण दोनच गोष्टी विचाराव्यात : सत्ता नसताना तुम्ही कोणत्या प्रश्नासाठी उभे होतात, आणि हरल्यानंतर कुठे होतात?