गृहकर्ज थकले तर

गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातल्या पुष्कळ घरांत पैसा मात्र हंगामाला येतो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते, कापूस त्यानंतर वेचणीगणिक, संत्र्याचे पैसे बहार साधला तर. नापिकीच्या वर्षी पीककर्जाबरोबर घराचे कर्जही थकते. पीककर्जासाठी राज्याने 2017 आणि 2019 मध्ये कर्जमाफीच्या मोठ्या योजना आणल्या. गृहकर्ज दोन्हींत नव्हते. अमेरिकेने करोनाकाळात, 2021 मध्ये, अडचणीतल्या घरमालकांसाठी सुमारे 10 अब्ज डॉलरचा निधी उभारला. थकलेला हप्ता सरकारने भरावा, अशी योजना महाराष्ट्रात मात्र नाही.

इथली मदत कर्ज घेतानाच मिळते. पंतप्रधान आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला व्याजात सवलत आहे. घराची किंमत 35 लाखांच्या आणि कर्ज 25 लाखांच्या आत हवे. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज मात्र 1 सप्टेंबर 2024 चे किंवा त्यानंतरचे हवे. म्हणजे ज्याचे जुने कर्ज आज थकले आहे, त्याच्या पदरात यातले काहीच पडत नाही.

सरसकट दिलासा एकदाच मिळाला. रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायला मुभा दिली. ती माफी नव्हती. व्याज चालूच राहिले. फक्त व्याजावरचे व्याज केंद्राने 2 कोटींपर्यंतच्या कर्जदारांना परत केले, आणि मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कोणाकडूनच घेऊ नये असे सांगितले.

एरवी कर्जदाराच्या हाती उरते ते कायद्याने दिलेले दिवस. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवण्याचा, हप्ता कमी करण्याचा अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. तोंडी बोलण्याचा पुढे पुरावा राहत नाही. दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेने कर्जदाराला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे. तक्रारीवर बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

खाते अनुत्पादक झाल्यावर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते. ही नोटीस टेबलाच्या खणात टाकून ठेवणे सर्वांत महागात पडते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. 60 दिवसांत थकबाकी भरली नाही, तर बँक न्यायालयात दावा न लावता घराचा ताबा घेऊ शकते. त्याविरुद्ध 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. वऱ्हाडासाठी ते नागपूरला आहे. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी खर्चासह सगळी रक्कम भरली, तर घर वाचते. लिलावातून देणे फिटून उरलेली रक्कम घरमालकाची असते.

पतसंस्थेच्या कर्जाची वाट वेगळी. तिथे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, आणि त्याविरुद्ध दाद मागायची तर येणे रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. अडलेल्या माणसाला हे जड जाते.

सावकाराने कर्जापोटी तारण म्हणून घराचे खरेदीखतच करून घेतले असेल, तर 2014 चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम कामी येतो. व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तिवशाच्या माणसाला त्यासाठी अमरावती गाठावी लागते. चौकशीत तो व्यवहार सावकारीचाच होता असे ठरले, तर खत अवैध ठरवून घर मूळ मालकाला परत करण्याचा आदेश उपनिबंधक देऊ शकतात.