बाद झालेला गडी पुन्हा उठतो तेव्हा

भाताची कापणी-झोडणी उरकली, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील रिकामी खाचरे मैदाने होतात. कुठे चुन्याची फक्की मारून कबड्डीचे मैदान आखले जाते, कुठे टेनिस बॉलच्या क्रिकेटसाठी पट्टा चोपून घेतला जातो. संध्याकाळी कर्जत किंवा खोपोली लोकलच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर नेरळपासून पुढे अशी किती तरी मैदाने दिसतात. त्याच वेळी एखाद्या घरातून हाक येते, ‘‘खेळून काय पोट भरणार आहे का? अभ्यासाला बस!’’

ही हाक चुकीच्या काळजीतून येत नाही. दहावी-बारावीचे वर्ष, शिकवणीची फी, नोकरीची चिंता हे सगळे खरे आहे. पण खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, हा हिशेब मात्र तपासून पाहायला हवा. मैदानावर शरीर घडते हे आपण मान्य करतो. मन आणि माणसांशी वागण्याची रीतही तिथे घडते का? गेल्या काही वर्षांत संशोधकांनी याचा बराच शोध घेतला आहे. त्यांचे उत्तर ‘हो’ असे आहे, पण त्या ‘हो’ला काही अटी आहेत. त्या अटी पालकांनी, शिक्षकांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी समजून घ्यायला हव्यात.

प्रश्न किती मोठा?

बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार. त्याच सर्वेक्षणानुसार बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सातहून अधिक जणांना उपचार मिळत नाहीत. डोंगरातल्या वाडीवरून तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी बुडणे. अशा ठिकाणी जे घराजवळ, फुकट आणि रोज मिळू शकते, त्याचे मोल वेगळे असते. मैदान त्यापैकी एक आहे.

आकडे काय सांगतात?

‘लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकात २०१८ मध्ये अमेरिकेतील सुमारे १२ लाख प्रौढांची माहिती प्रसिद्ध झाली. गेल्या महिन्यात किती दिवस मन ठीक नव्हते, असा प्रश्न त्यांना विचारला होता. व्यायाम करणाऱ्यांमध्ये असे दिवस व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४३ टक्के कमी होते. व्यायामाच्या प्रकारांत सर्वांत जास्त फरक सांघिक खेळांत दिसला. त्याखालोखाल सायकल आणि जिममधला व्यायाम. सर्वाधिक लाभ दिसला तो आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दर वेळी सुमारे ४५ मिनिटे खेळणाऱ्यांत. रोज तीन तासांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांची स्थिती मात्र काहीच न करणाऱ्यांपेक्षा वाईट होती.

मुलांबाबतचा एक अभ्यास २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. ९ ते १३ वयाच्या ११,२३५ अमेरिकी मुलांमध्ये सांघिक खेळ खेळणाऱ्यांत चिंता-उदासीची लक्षणे न खेळणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के कमी होती आणि इतरांशी जुळवून घेण्याच्या अडचणी १७ टक्के कमी. उलट, फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्या मुलांत चिंता-उदासीची लक्षणे न खेळणाऱ्यांपेक्षा १६ टक्के जास्त आढळली. एकट्याने खेळताना हार एकट्याचीच असते आणि सगळ्यांच्या नजरा एकाच मुलावर असतात, हे त्याचे एक कारण असू शकते.

इथे एक सावधगिरी हवी. हे अभ्यास दोन गोष्टी बरोबरीने दिसतात एवढेच सांगतात. खेळल्यामुळे मन बरे राहते, की मन बरे असलेली मुलेच खेळायला उतरतात, हे त्यातून ठामपणे ठरत नाही. बहुधा दोन्ही थोडेथोडे खरे असावे. उदास मूल सर्वांत आधी मैदान सोडते. म्हणूनच रोज येणारा मुलगा अचानक येईनासा झाला, तर ‘आळशी झाला’ म्हणण्याआधी त्याच्या घरी डोकावून यावे.

मैदानावर मनाचे काय होते?

धावल्या-पळल्याने झोप सुधारते, ताणाची शारीरिक लक्षणे कमी होतात आणि मेंदूत वेदना व अस्वस्थता शमवणारी रसायने पाझरतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्हवणाऱ्या १२ खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला. तेच खेळाडू, तेवढेच कष्ट. एकदा एकेकट्याने, एकदा एका लयीत सर्वांबरोबर. बरोबरीने वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली. प्रयोग लहान आहे, पण नाव ओढणारे कोळी किंवा एका रांगेत भातलावणी करणाऱ्या बाया यांना तो नवा वाटणार नाही. एकत्र केलेले कष्ट कमी टोचतात.

आता आपल्या कबड्डीकडे पाहा. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात ‘कबड्डी कबड्डी’ हा दम न सोडता सात जणांच्या गराड्यात जायचे, भीती आवरायची, कुठे पाय टाकायचा ते ठरवायचे आणि परत यायचे. धडधडणाऱ्या छातीने निर्णय घेण्याचा हा सराव आहे. दुसरे म्हणजे बाद होणे. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला, की आपला एक गडी उठतो. जो आधी बाद झाला, तो आधी. बाहेर बसलेल्या मुलाला कळते, की आपली चूक हा शेवट नव्हे आणि आपल्याला परत आणायला दुसरे कुणीतरी आत झगडते आहे. नापास झालो म्हणजे सगळे संपले, असे वाटणाऱ्या वयात हा अनुभव शंभर उपदेशांपेक्षा अधिक पोहोचतो.

खो-खोत शेजारी बसलेल्यांची तोंडे उलट दिशांना असतात. मागून खो मिळाला, की ‘मीच का?’ असे न विचारता उठायचे. स्वतःला पकडता येत नसेल, तेव्हा योग्य जागी बसलेल्या साथीदाराला खो द्यायचा. आपली वेळ ओळखणे आणि दुसऱ्याला संधी देणे यालाच मोठेपणी आपण सामाजिक कौशल्य म्हणतो.

कोणाबरोबर खेळता, कोणाविरुद्ध?

खेळाने माणसे जोडली जातात, असे बक्षीस समारंभात नेहमी सांगितले जाते. ते नेहमी खरे नसते. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात १,२६१ तरुणांचा एक प्रयोग केला. तो २०२१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही तरुण एकाच जातीच्या संघात गेले, काही मिश्र संघात. जे वेगळ्या जातीच्या मुलांबरोबर एका संघात खेळले, त्यांची त्या जातींमधली मैत्री वाढली. जे वेगळ्या जातीच्या मुलांविरुद्ध खेळले, त्यांच्यात उलट परिणाम दिसला. खेळ तोच आणि मैदानही तेच होते. फरक एवढाच, की दुसरा माणूस आपल्या बाजूला आहे की समोर.

आता आपल्या स्पर्धांची पत्रके आठवा. संघ बहुतेक वेळा गावाचे, आळीचे, वाडीचे. गावकीचा अभिमान गोड असतो, पण आळीनुसार संघ म्हणजे पुष्कळदा जातीनुसार संघ. अशी स्पर्धा दहा वर्षे भरवली, तरी ठाकूरवाडीतला मुलगा आणि गावठाणातला मुलगा एकमेकांना फक्त समोरचा गडी म्हणूनच ओळखतील. वर्षातून एक तरी स्पर्धा चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या मिश्र संघांची असावी. त्याला वेगळा खर्च लागत नाही.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लीम खेळाडू घेऊन असाच प्रयोग झाला. तो २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. पुढच्या हंगामातही मिश्र संघात खेळायची आणि सहा महिन्यांनंतरही एकत्र सराव करायची तयारी वाढली. पण मैदानाबाहेरच्या समारंभांत मिसळणे काही वाढले नाही. मैदान दार उघडून देते, त्यापुढचे चालणे घराने आणि गावाने करायचे असते.

दुःख मोठे असते तेव्हा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. अशा मुलांना ‘खेळायला पाठवा, मन रमेल’ असे आपण सहज म्हणतो. हे किती खरे?

‘जामा पीडियाट्रिक्स’मधील २०१९ चा एक दीर्घकालीन अभ्यास आशादायक आहे. बालपणी कठीण प्रसंग सोसलेल्या मुलांपैकी जी किशोरवयात सांघिक खेळ खेळत होती, त्यांच्यात मोठेपणी नैराश्य आणि चिंतेचे निदान कमी आढळले. पण युगांडातील गुलू या युद्धाने होरपळलेल्या भागातील अनुभव सावध करतो. तिथे मुलांसाठी ११ आठवड्यांची फुटबॉल स्पर्धा भरवली गेली. सहभागी मुलग्यांमध्ये उदासी आणि चिंतेची लक्षणे न खेळलेल्यांच्या तुलनेत वाढली. जिथे आधीच घाव आहेत, तिथे हार-जीत आणि गुणतक्ता आणखी टोचू शकतो.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर वाट दिसते. हादरलेल्या मुलाला आधी नेमकी वेळ, ओळखीचा मोठा माणूस आणि पुन्हा पुन्हा भेटणारे सवंगडी हवे असतात, चषक नंतर. आणि खेळ हा समुपदेशनाला किंवा उपचाराला पर्याय नाही, त्याच्या जोडीला आहे. हे वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलांनाही लागू पडते. भट्टीवरून परतलेले मूल वर्गात मागे पडलेले असते, धडा पुढे गेलेला असतो. लगोरी, खो-खोत मात्र त्याला पहिल्याच दिवशी जागा मिळू शकते. तिथून वर्गात परतणे थोडे सोपे होते.

खेळाचा असा जाणीवपूर्वक वापर कर्जतला नवा नाही. मुंबईत काम करणारे रग्बीपटू मॅथ्यू स्पेसी यांनी रस्त्यावरच्या मुलांबरोबर खेळता खेळता १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था सुरू केली. तिचे निवासी केंद्र कर्जतजवळ आहे. मुलगे-मुली एकत्र खेळतात, मग गोल करून बसतात आणि खेळात काय घडले यावर बोलतात. ‘चेंडू दिला नाही तेव्हा कसे वाटले?’ हा प्रश्न तिथे खेळाइतकाच महत्त्वाचा. ही पाच मिनिटांची गोलबैठक कोणतीही शाळा उद्यापासून सुरू करू शकते.

मुली कुठे आहेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. १४६ देशांच्या माहितीनुसार ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले एवढे करत नाहीत; मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे. पाळी सुरू झाली, की मुलीचे मैदान सुटते. पाणी, सरपण, धाकटी भावंडे यांत संध्याकाळ जाते. उरलेल्या वेळेत मैदान मुलग्यांनी भरलेले असते. आठवड्यातले दोन दिवस मैदान मुलींचे असे ग्रामपंचायतीने किंवा शाळेने ठरवले, शेजारी स्वच्छतागृह असले आणि उजेडातच सराव संपला, तर बराच फरक पडेल.

आपल्याला काय करता येईल?

पालकांनी सामन्यानंतर ‘किती गुण घेतले?’ याआधी ‘मजा आली का?’ हे विचारावे. परीक्षेच्या वर्षी खेळ बंद करू नये, वेळ ठरवून द्यावी. आठवड्यातून चार दिवस पाऊण तासही पुरेसा. शिक्षकांनी संघ निवडताना दोन कर्णधारांना एकेक गडी उचलू देऊ नये. शेवटी उरणारे मूल दर वेळी तेच असते. चिठ्ठ्या टाकाव्यात. मंडळांनी सर्वोत्तम चढाईपटूबरोबर खिलाडूवृत्तीचेही बक्षीस ठेवावे, आणि सट्टा व शिवीगाळ यांना मैदानाबाहेर ठेवावे. अपमान करणारा, अंगचटीला येणारा प्रशिक्षक कितीही चषक आणत असला, तरी नको. प्रौढांनीही फक्त खुर्चीवर बसून सामने पाहू नयेत. वयाला झेपेल तो खेळ निवडावा. हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, भूक जाणे, माणसे टाळणे किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे दिसले, तर मैदानावर विसंबून राहू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे फोनवर मोफत आणि मराठीतही बोलता येते.

आज संध्याकाळी मूल धुळीने माखून उशिरा घरी आले, तर रागावण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : ‘‘आज कोणाला उठवलंस?’’